निरं पांढरं

अर्ज मिटवला तरी अर्ज होताच.
राखाडी पडद्यावर, ताकात बोट फिरवावं तशा रेघा:
अर्जदाराचे नाव.
वडिलांचे / पतीचे नाव.
गाव, तालुका, मोबाईल क्रमांक,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'सादर करा',
समोर कोणी नसताना.

आधी वाटलं, काचेवर धूळ.
पिंपळखुटी फाट्यावर धुळीला काय तोटा,
गिट्टीच्या दर टिप्परमागून ती आत येते, खुर्चीवर बसते.
ओढणीनं पुसलं. मग चष्म्याच्या फडक्यानं.
मग सगळं बंद करून, डबा खाऊन, पुन्हा चालू केलं.
होत्याच रेघा.

हिंगणघाटच्या वसीमला फोन लावला.
'पॅनल खराब नाही झालं, ढगे मॅडम.
सहा वर्षं एकच अर्ज पाहून राहिलं थे,
त्याले आता दुसरं दिसूनच नाही राहिलं.
रातभर पांढरं ठेवा. निरं पांढरं.
निघून जाईन. नाही गेलं तं...'
आणि त्याची रेंज गेली.

त्याच दुपारी पंचफुला कुमरे तिसऱ्यांदा आली.
परित्यक्ता दाखला.
माणूस गेला त्याला अकरा वर्षं. मेला नाही, गेला;
चंद्रपूरकडे कोळशाच्या गाडीवर दिसला, असं कोणी सांगतं.
टिकली तिनं तेव्हाच सोडली,
पण कपाळावर टिकलीएवढी गोल जागा
अजून बाकी कपाळाहून फिकट.
बोलताना माझी नजर तिथं जाते. सगळ्यांचीच जाते.
तिला ते माहीत आहे.

दुसऱ्या रकान्यापुढे लाल चांदणी.
'बापाचं चालते का?'
विवाहित म्हटलं की नाही चालत.
'मंग राहू द्या ना रिकामाच.'
रिकामा ठेवून दाखवला. चौकोन लाल झाला.
'लिवा मंग,' म्हणाली, 'जागा त्याच्याच नावानं हाय तं.'
मी लिहिलं नाही. लाईन गेली म्हणून सांगितलं.
पंखा आमच्या डोक्यावर फिरत होता.

रात्री पांढरं लावून बसले.
एवढा उजेड या खोलीनं कधी पाहिला नव्हता.
झेरॉक्स मशीन, अंगठ्याच्या यंत्राची तेलकट काच,
रबर लावून ठेवलेली, कोणी न नेलेली कार्डं.
उजेड दारातून निघाला, रस्ता ओलांडून
एसटीच्या थांब्यापर्यंत गेला.
तुडतुडे आले. मग पतंग. मग पतंगांसाठी पाल,
जी 'तालुका' होतं नेमकी तिथं चिकटली.

बाराला देवाजी झाडे मोटर लावायला निघालेला,
खांद्यावर फावडं. दारात थांबला.
'बाई, काहून जागी? कोनाचं काम चालू हाय?'
'पडदा अर्ज विसरून राहिलाय,' मी म्हटलं.
तो बराच वेळ त्या पांढऱ्याकडे पाहत राहिला.
'माहा तं इसरलाच हाय. दोन हजार एकोणीसचा.'
आणि हसत गेला. त्याची बॅटरी तुरीतून
उडत उडत लहान झाली.

तीनच्या सुमारास मी डोळे मिटले
तर पापण्यांच्या आत अर्ज:
रेघा उजळ, रकाने काळे.

सकाळी राखाडी लावून पाहिलं.
गेला होता. जवळजवळ.
मान तिरपी केली की एक कड दिसायची,
की मलाच दिसायची.

पंचफुला आली. अर्ज उघडला.
रेघा आपापल्या जागी येऊन बसल्या,
पाण्याला गेलेल्या बाया घरी परताव्यात तशा.
तिनं नाव सांगितलं, मी लिहिलं,
तिनं अंगठा ठेवला. पोच निघाली, गरम.
बाहेर ऊन फार. ती पावती कपाळावर
आडवी धरून ती रस्ता ओलांडून गेली.

तेव्हापासून अर्जाची खिडकी मी रोज थोडी सरकवते,
कधी बोटभर डावीकडे, कधी वर.
ढगे बाईचा अर्ज वाकडा असते, लोक म्हणतात.
असू दे.